चेलो, व्हायोलिन, सॅक्सोफोन आणि ड्रम एकाच खोलीत: नाशकात रेकॉर्डिंग कसं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधला चौघांचा गट आहे: व्हायोलिन, चेलो, टेनर सॅक्सोफोन आणि ड्रम. दोन रचना नोटेशनमध्ये लिहिलेल्या आहेत. त्यात गज दाबून काढलेले खरखरीत आवाज आहेत, सॅक्सोफोनच्या कळांची नुसती टकटक आहे आणि जेमतेम ऐकू येणारे सूर आहेत. उरलेला निम्मा अल्बम पूर्ण उत्स्फूर्त वादनाचा. मुंबईतला स्टुडिओ घ्यावा की इथलाच एखादा हॉल, माईक किती लागतील, आणि ड्रम-सॅक्सोफोनपुढे चेलो दबतो त्याचं काय करावं, असं विचारलं आहे.

माझं स्पष्ट मत: इथेच, एका चांगल्या खोलीत, चौघांनी एकत्र बसून, एका स्टिरिओ जोडीवर, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूसाठी शेजारी लावलेल्या दोन माईकवर, रेकॉर्ड करा. प्रत्येक वाद्याजवळचा माईक फक्त मदतीला ठेवा. खर्चाची क्रमवारीही अशीच असावी. आधी शांत खोली, मग बैठक, मग माईक आणि शेवटी सॉफ्टवेअर. बहुतेक गट नेमकं उलट करतात.

स्टुडिओबद्दल आधी. आपल्याकडचे बरेचसे स्टुडिओ गाणी, जाहिराती आणि डबिंगसाठी बांधलेले असतात. तिथे ड्रम काचेच्या खोलीत जातो, व्हायोलिन दुसऱ्या खोलीत आणि सगळ्यांच्या कानांवर हेडफोन येतात. उत्स्फूर्त वादनात एकाने श्वास घेतला की दुसरा थांबतो, गजाची दिशा बदलली की ड्रमवाला काठी उचलतो. हे हेडफोनमधून होत नाही. दुसरं म्हणजे या संगीतात ‘आवाज’ आणि ‘सूर’ यांच्यातली भिंत मुद्दाम पाडलेली असते. हेल्मुट लाखेनमान यांची १९६९ची एकल चेलोसाठीची ‘प्रेसिओं’ ही रचना घ्या. गजाचा दाब, बोटांचं घासणं, तारेवरचं खरडणं हाच तिचा मुख्य मजकूर आहे. एरवी रेकॉर्डिस्ट ज्याला दोष समजून काढून टाकतो तेच इथे ऐकवायचं असतं. म्हणून खोलीची स्वतःची खरखर जितकी कमी, तितकं हे संगीत जास्त ऐकू येतं.

आता नाशकात शांतता कुठे आणि केव्हा मिळते ते पाहू. दिवसा ओझरच्या बाजूला एचएएल या विमान कारखान्याची विमानं उडतात, देवळालीच्या बाजूला तोफखान्याच्या सरावाचे दणके येतात. तोफेचा दणका कानाला फारसा जाणवला नाही तरी माईकला जाणवतो. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, २०-४० हर्ट्झचा मोठा उंचवटा दिसतो आणि हळू वाजवलेला चेलो त्यावर हेलकावतो. पंचवटीत आरतीच्या वेळा टाळाव्या लागतात, त्र्यंबक रोडवर आणि मुंबई-आग्रा महामार्गालगत ट्रकची घरघर असते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी असते, त्यामुळे रात्री ११ ते पहाटे ४ ही खरी कामाची वेळ. ड्रम आहे म्हणून जागा बंद आणि वस्तीपासून जरा लांब हवी, शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं असावं.

महिना निवडायचा तर पौष. पौषात लग्नं जवळजवळ नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात, भाडं घासाघीस करून कमी होतं आणि शेजारच्या कार्यालयात बँड वाजत नाही. पावसाळा नसल्यामुळे पत्र्यावर सरी नाहीत, रातकिडे नाहीत, हवा कोरडी असते. एकच अडचण म्हणजे थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांखाली जातो. थंड हवेत सॅक्सोफोन उतरतो आणि धातूच्या तारा आकसून किंचित चढतात, म्हणजे दोघं विरुद्ध दिशांना सरकतात. हवेचं तापमान १ अंशाने बदललं की नळीतल्या सुराचा फरक हिशोबाने ३ सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आसपास येतो. श्वासाने नळी आतून गरम राहते म्हणून प्रत्यक्षात तो कमी असतो, पण वाजवायचं थांबलं की पुन्हा उतरतो. खोली संध्याकाळपासून हीटर लावून २० अंशांपर्यंत आणा, टेकच्या, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या, वेळी हीटर बंद करा आणि दोन टेकच्या मध्ये पुन्हा लावा. प्रत्येक टेकआधी ‘ए’ जुळवून घ्या. रात्री ११ चा टेक आणि ३ चा टेक एकमेकांना जोडायचे असतील तर हे केल्याशिवाय सांधा लपत नाही.

गिरणारे, मखमलाबादकडचं द्राक्षबागेतलं फार्महाऊस मोहात पाडतं. जागा छान, पण आधी एक रात्र तिथे बसून ऐका. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की मोटर सुरू होते, आणि कडाक्याच्या थंडीत बाग वाचवायला पहाटे पाणी सोडतात. फवारणीचे ब्लोअर तर अर्ध्या किलोमीटरवरून येतात. बागाईतदाराशी बोलून पाळीचं वेळापत्रक विचारून घ्या, ते सहसा मोकळेपणाने सांगतात.

नाट्यगृहांबद्दल. कालिदास कलामंदिरासारखं मोठं नाट्यगृह या कामाला मी घेणार नाही. नाटकाचा शब्द स्वच्छ पोचावा म्हणून नाट्यगृह मुद्दाम कोरडं, म्हणजे कमी घुमणारं, ठेवतात. रंगमंचाच्या वरची पोकळी आणि विंगांचे पडदे चेलोचा खालचा सूर पिऊन टाकतात. वातानुकूलन बंद करायला वेगळी परवानगी लागते ते वेगळंच. वाजवायचंच असेल तर पडदा पाडून त्याच्या पुढे, प्रेक्षागृहाच्या अंगाला बसा आणि मागे ८ बाय ४ फुटांचे प्लायवूडचे चार-पाच पत्रे उभे करा.

खोलीचं माप किमान १० बाय ८ मीटर, उंची ४ मीटरच्या वर. ड्रमसाठी उंची फार महत्त्वाची. छत खाली असेल तर सिंबलचा आवाज लगेच आदळून परत येतो आणि सगळं झिणझिणीत होतं. तंतुवाद्यांना १.२ ते १.६ सेकंदांचा घुमारा (आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ) शोभतो, ड्रमला १ सेकंदाच्या आत बरा. दोन्ही एकत्र आहेत म्हणून १.१ सेकंदाच्या आसपास तडजोड करा. मोजायला फुगा फोडा, फोनवर रेकॉर्ड करा, आवाज ६० डेसिबलने उतरायला किती वेळ लागतो ते बघा. मंगल कार्यालयात फरशी, काच आणि समोरासमोरच्या सपाट भिंती असतात. टाळी वाजवली की ‘तर्रर्र’ असा फडफडता पडसाद येतो. तो घालवायला सगळ्या भिंती झाकू नका. समोरासमोरच्या जोडीतली एकच भिंत, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक आड एक अशा गाद्या टेकवून मोडा. कार्यालयात गाद्या असतातच. ड्रमखाली जाड सतरंजी, तंतुवाद्यांखाली मात्र उघडी फरशी.

मग खोलीत काय काय थरथरतं ते शोधा. चेलोवादकाने सर्वांत खालच्या मोकळ्या ‘सी’पासून, म्हणजे ६५ हर्ट्झपासून, अर्ध्या-अर्ध्या सुराने हळू वर जावं आणि बाकीच्यांनी खोलीत फिरत ऐकावं. ट्यूबलाइटची पट्टी, खिडकीची काच, सैल टाइल, पंख्याची कटोरी यांतलं काहीतरी नक्की वाजतं. चिकटपट्टी आणि घडी केलेला पुठ्ठा सोबत ठेवा. यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे स्नेअरच्या, ड्रम सेटमधल्या चर्रर्र वाजणाऱ्या छोट्या ड्रमच्या, तळाच्या तारा. सॅक्सोफोनने लांब सूर धरला की त्या आपोआप चर्रर्र करतात. ज्या भागात स्नेअर वाजत नाही तिथे खटका खाली पाडून तारा सोडवायच्या, हे ड्रमवाल्याच्या नोटेशनमध्ये लिहूनच ठेवा.

वीज. पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर आणि इन्व्हर्टर हे तिघे ५० आणि १०० हर्ट्झच्या घरघरीचं मूळ. रेकॉर्डर आणि लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर चालवा. नाही जमलं तर सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून, एकाच अर्थिंगवर. माईकची केबल विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका, ओलांडायची तर काटकोनात. मुदपाकखान्यातला फ्रीज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही. मोबाइल नुसते सायलेंटवर नकोत, बंद हवेत.

बैठक हा या सगळ्याचा गाभा आहे. ऑर्नेट कोलमन यांनी २१ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कमध्ये ‘फ्री जॅझ’ रेकॉर्ड केलं तेव्हा दोन चौकड्या एकाच वेळी वाजवत होत्या, एक डाव्या चॅनेलमध्ये, दुसरी उजव्या. आठ जण एकदम वाजवत असूनही ऐकणाऱ्याला वाट सापडते ती त्या मांडणीमुळे. कोण कुठे बसतो हे इथे रचनेचाच भाग आहे.

मुख्य जोडीला ओआरटीएफ पद्धत घ्या. दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरूनच ऐकणारे) माईक, त्यांच्या कॅप्सूलमधलं (आवाज टिपणाऱ्या टोकांमधलं) अंतर १७ सेंटिमीटर, मधला कोन ११० अंश. उंची २.४ मीटर, पुढच्या रांगेपासून आडवं अंतर २ मीटर, किंचित खाली झुकलेले. ही जोडी साधारण ९६ अंशांचा पट्टा पकडते, म्हणजे २ मीटर अंतरावर ४.४ मीटर रुंदी. त्याच्या आत बसा. व्हायोलिन मध्यापासून डावीकडे १.४ मीटर, चेलो उजवीकडे १.४ मीटर, दोघेही पुढे. सॅक्सोफोन मागे, माईकच्या जोडीपासून ३.५ मीटरवर, थोडा उजव्या अंगाला आणि ड्रम ४.५ मीटरवर थोडा डावीकडे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. २ आणि ४.५ मीटरमधला फरक कागदावर ७ डेसिबलचा, खोलीत घुमाऱ्यामुळे ४-५ पदरात पडतो. तेवढाच चेलोला श्वास देतो. उरलेला तोल वादकांनी साधायचा: १८ इंची बास ड्रम, पातळ सिंबल, जिथे जमेल तिथे ब्रश किंवा बांबूच्या काड्यांची जुडी. मिक्सिंगच्या फेडरने (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीने) हा तोल साधता येत नाही, कारण चेलोचा माईक उचलला की त्यातला ड्रमही उचलला जातो.

नेमका हाच घोळ चेलोच्या मदतनीस माईकवर होतो. माईक चेलोसमोर आडवा लावला की चेलोच्या पाठीमागचा ड्रम माईकच्या थेट तोंडासमोर येतो. म्हणून फिगर-८ पद्धतीचा (पुढून आणि मागून ऐकणारा) माईक घ्या आणि तो ब्रिजच्या, म्हणजे तारांखालच्या घोडीच्या, वर अर्ध्या मीटरवरून सरळ खाली रोखा. फिगर-८ला बाजूंनी ऐकू येत नाही. तोंड खाली केलं की त्याची बहिरी बाजू आडवी होते आणि ड्रम, सॅक्सोफोन दोघेही तिच्यात जातात. छत उंच हवं ते याचसाठीही, कारण माईकचं दुसरं तोंड वर असतं. गजाचं टोक माईकला लागत नाही ना, हे सर्वांत उग्र भाग वाजवून तपासा. व्हायोलिनला असाच किंवा कार्डिऑइड, वरून ७० सेंटिमीटरवर. सॅक्सोफोनचा माईक पुढच्या भोंग्यात घालू नका. बहुतेक सूर उघड्या छिद्रांतून बाहेर पडतात, भोंग्यातून मुख्यतः सर्वांत खालचे. मधल्या कळांच्या समोर ५०-६० सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे कळांची टकटकही येईल. ड्रमला वरून एक माईक पुरतो. बास ड्रमच्या आत माईक टाकलात की रॉकचा ‘धब्ब’ येतो आणि बाकीच्यांपासून तो वेगळा पडतो.

माईक विकत घेताना किंवा भाड्याने आणताना त्याची स्वतःची खरखर बघा. रोड एनटी५ची १६ डेसिबल आहे, नॉयमान केएम१८४ची १३. एनटी५ ड्रमवर उत्तम, पण चेलोच्या अगदी हळू भागात तो स्वतःच ऐकू येतो. मुख्य जोडीवर खर्च करा, बाकीचे साधे चालतील. पावसाळ्यात आणलेच तर कंडेन्सर माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि लावल्यावर अर्धा तास खोलीच्या हवेला सरावू द्या. कॅप्सूलवर दमट हवा बसली की पॉपकॉर्नसारखे तडतड आवाज येतात, आणि ते नंतर काढता येत नाहीत.

चेलोची खालची लोखंडी कांडी पोकळ लाकडी स्टेजवर टेकवू नका. स्टेज ड्रमचा हादरा चेलोत आणि चेलोचा स्टेजमध्ये पोचवतं, खालचे सूर फुगतात. दीड इंच जाड फळी आणि तिच्याखाली रबर, एवढं पुरतं. खुर्च्या करकरणाऱ्या नकोत. चपला बाहेर. नोटेशनची पानं मोठ्या कागदावर छापून चिकटवा, म्हणजे अत्यंत हळू भागात पान उलटायची वेळ येणार नाही.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. ८ चॅनेलला तासाला सुमारे ८.३ जीबी लागते. सगळे चॅनेल एकाच वेव्ह फाइलमध्ये घेतले तर ३१ मिनिटांत ४ जीबीची मर्यादा येते आणि काही जुनी सॉफ्टवेअर तिथेच अडखळतात, म्हणून प्रत्येक चॅनेलची वेगळी फाइल करा. तालमीत सर्वांत मोठा क्षण मीटरवर -१८ डेसिबलच्या आसपास ठेवा (० ही मर्यादा). टेकमध्ये उत्स्फूर्त वादन हमखास ६ ते १० डेसिबलने वर जातं. तरी वर जागा उरते. ३२ बिट फ्लोट या पद्धतीत फाइल मोठ्या आवाजाने फाटत नाही, पण तेवढ्याने निष्काळजी होऊ नका, माईक स्वतः किंवा त्याचा अ‍ॅम्प फाटला तर तो फाटलेलाच रेकॉर्ड होतो.

सगळे आपापल्या जागी बसलेले असताना, कोणीही न हलता, ६० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. दर दोन तासांनी पुन्हा करा. संपादनात दोन भागांमध्ये मोकळी जागा लागली तर तिथे डिजिटल शून्य टाकलं की कानाला खड्डा पडल्यासारखं वाटतं. तिथे ही खोली भरायची.

लिहिलेल्या रचनांना आधी एक सलग टेक, मग तुकडे. प्रत्येक तुकडा जोडाच्या २-३ मात्रा आधीपासून सुरू करा आणि शेवटानंतर १० सेकंद कोणीही वाद्य खाली ठेवू नका. सांधा नेहमी आघातावर घ्या, विरत जाणाऱ्या सुरात कधीच नाही. नोटेशन हातात घेऊन ऐकणारा पाचवा माणूस हवाच. वाजवणाऱ्याला दाब कमी पडला की जास्त, हे वाजवताना कळत नाही. उत्स्फूर्त भागांना मात्र सांधे देऊ नका. पाच-सहा लांब टेक घ्या, त्यातले पूर्ण टेक निवडा, फार तर सुरुवात किंवा शेवट कापा. मधले दहा सेकंद काढले तर पुढच्या वादकाची प्रतिक्रिया निराधार होते आणि जाणता श्रोता ते ओळखतो.

मिक्सिंग मुख्य जोडीपासून सुरू करा, बाकी सगळे बंद ठेवून. चांगली बैठक असेल तर ८० टक्के काम तिथेच झालेलं असतं. मग चेलोचा माईक १० डेसिबल खाली ठेवून हळू वर आणा. तो ‘ऐकू’ यायला लागला की २ डेसिबल मागे या. त्याला विलंब द्यायला विसरू नका. वरच्या मापांनी मुख्य जोडी चेलोपासून तिरकी ३ मीटर आहे, मदतनीस माईक अर्धा मीटर, फरक २.५ मीटर, म्हणजे ७.३ मिलिसेकंद, ९६ किलोहर्ट्झला ७०० सॅम्पल. एवढं मागे सरकवलं नाही तर चेलो आधी जवळून आणि मग लांबून असा दोनदा येतो, जागा हरवते. सुरुवातीला ब्रिजजवळ एक टाळी रेकॉर्ड केली असेल तर दोन्ही वेव्हफॉर्मवरून नेमका आकडा मोजता येतो.

नॉइज रिडक्शन या अल्बमच्या जवळपासही आणू नका. ही सॉफ्टवेअर सूर ठेवतात आणि खरखर काढतात, आणि तुमच्या दोन्ही रचनांमध्ये खरखर हाच मजकूर आहे. गजाच्या केसांचा आवाज, रीडमधली नुसती हवा, ब्रशचं सरकणं हे सगळं त्यांच्या लेखी कचरा असतो. ५० हर्ट्झची घरघर राहिलीच असेल तर तिच्यावर अरुंद नॉच (तेवढीच पट्टी कापणारा फिल्टर) द्या, पण चेलोच्या खालच्या सुरांवर परिणाम झाला का ते ऐकून.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या फिनिशिंगमध्ये, लिमिटर (मोठे क्षण दाबणारं साधन) लावून आवाज चढवू नका. अशा संगीताला सरासरी -२० ते -२३ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या आवाजाचं एकक) नैसर्गिक आहे, ट्रू पीक, म्हणजे सर्वांत मोठ्या क्षणाची पातळी, -१ डेसिबल ठेवा. स्पॉटिफाय सरासरी -१४ला आणायचा प्रयत्न करतं, पण तुमचे पीक आधीच वर असल्यामुळे ते फार काही वाढवू शकत नाही. बिघडत नाही. कोणी ‘आवाज कमी आहे’ म्हणालं तर त्याने आवाज वाढवून ऐकावं. मोठा आणि हळू यांतलं अंतर दाबलं तर ऐकण्यासारखं काही उरत नाही.

विक्रीसाठी बँडकँप हे संकेतस्थळ या संगीताच्या श्रोत्यांना सवयीचं आहे, डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं. प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळख) भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्रीकडून मिळतो, तो मास्टर बनवण्याआधी घ्या. लिहिलेल्या रचना गटाबाहेरच्या संगीतकाराच्या असतील तर त्याची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी, कालावधी नमूद करून, रेकॉर्डिंगच्या आधी हवी. उत्स्फूर्त ट्रॅकचे रचनाकार चौघेही असतात. वाटा समान की कसा, हे पहिल्या टेकच्या आधी एका कागदावर चौघांच्या सह्यांनी लिहून ठेवा, कारण कोणता ट्रॅक चांगला झाला हे कळल्यानंतर ही बोलणी अवघड होतात.